ठेकेदार यायच्या आधीची लपवालपवी

माझा दादा हायस्कुलात मास्तर आहे. महिन्याचा पगार, वर धानाची शेती, दारात गाडी, बेडरूममध्ये एसी. असा हा माणूस त्या रविवारी सकाळी आमच्या गेलेल्या बाबांची, पाठीला भोकं पडलेली बनियन घालून अंगणात उभा होता आणि मला विचारत होता, "बाई, गरीब दिसून राह्यलो का मी?"

"गरीब नाई, भैताड दिसून राह्यला," मी म्हटलं.

त्याला तेही चालणार होतं. ठेकेदार यायचा होता आणि ठेकेदारापुढे गरीब नाही तर निदान भैताड, म्हणजे बावळट, दिसायचं असं घरात ठरलं होतं. मी दिवाळीला माहेरी आले ती आईसाठी राहिले होते, आणि राहिले म्हणून हा सगळा तमाशा बघायला मिळाला. नाहीतर कोणी सांगितलं असतं तर मी खरं मानलं नसतं.

ठेकेदार कशासाठी, तर डेकसाठी. आता हा डेक आमच्या घरात कसा शिरला ते सांगते, म्हणजे शिव्या कोणाला द्यायच्या ते तुम्हाला कळेल.

आमचं घर आलापल्लीहून येणाऱ्या मोठ्या रस्त्याला लागून आहे. पुढच्या बाजूनं सूरजागडचं लोखंडाचं खनिज घेऊन निघालेले ट्रक दिवसभर धडधडत जातात. पुढच्या छपरीत बसलं की चहात लाल धूळ, दातांत लाल धूळ, वाळत घातलेलं पांढरं धोतर संध्याकाळपर्यंत भगवं. म्हणून आमचं सगळं जगणं मागच्या बाजूला. मागे वाडी, वाडीच्या खाली बोडी, म्हणजे धानाच्या पाण्यासाठी बांधलेला लहानसा तलाव, आणि बोडीच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, गल्लीतल्या बायांची बैठक. हिवाळा लागला की बाया तिथे ऊन खात बसतात. हातानं वालाच्या शेंगा सोलतात आणि तोंडानं गावातल्या सुना. या बैठकीची म्होरकी माझी आई. ती बसल्याशिवाय विषय निघायचा नाही आणि ती उठल्याशिवाय संपायचा नाही.

बोडी पावसाळ्यात फुगते, म्हणून घराचं जोतं उंच बांधलेलं आहे आणि मागच्या दारातून वाडीत उतरायला दगडी पायऱ्या आहेत. गेल्या पावसाळ्यात त्या पायऱ्यांवरच्या शेवाळावरून आई घसरली. खुब्याचं हाड मोडलं, नागपुरात ऑपरेशन झालं. आता ती वॉकर धरून घरातल्या घरात चालते, पण पायरी उतरता येत नाही. एकदा दादानं आणि शेजारच्या भाऊंनी तिला प्लास्टिकच्या खुर्चीसकट उचलून खाली न्यायचा पराक्रम केला. मधल्या पायरीवर खुर्चीचा पाय वाकला, आई ओरडली, बोडीवरच्या बाया धावत आल्या. तेव्हापासून आईनं हात जोडले. "मले धानाच्या पोत्यासारखी उचलू नका बाप्पा. पोतं फुटलं तर धान भरता येते. मी फुटली तर काय भरसान?"

तिचं मागणं एवढंसं. मागच्या दाराबाहेर, उंबरठ्याच्या बरोबरीनं, पायरी नसलेला एक लाकडाचा ओटा. वॉकर सरळ बाहेर निघाला पाहिजे, धरायला कठडा पाहिजे आणि हिवाळ्याचं ऊन अंगावर आलं पाहिजे. बाया पाळीवर बसतील, ही वरून बोलेल. डॉक्टरांनीही हाडाला ऊन चांगलं म्हणून सांगितलं होतं, पण आईला डॉक्टरांचं काही पडलं नव्हतं. तिला बाया पाहिजे होत्या.

"एवढा हिवाळा मले उन्हात बसू द्या," ती रोज म्हणायची. "आतमंदी बसून बसून मी लोनच्यासारखी मुरून गेली."

गावातल्या सुतारानं चार दांडे रोवून, वर फळ्या ठोकून हे काम हसत-खेळत केलं असतं. पण तेवढ्यात दादा शाळेतल्या मास्तर मंडळींबरोबर ताडोबाच्या एका रिसॉर्टवर जाऊन आला. वाघ दिसला नाही. डेक दिसला. तळ्याच्या काठावर सागवानाचा मोठा थोरला डेक, त्यावर वेताच्या खुर्च्या, वर दिव्यांच्या माळा. दादानं तिथे चहा प्यायला, फोटो काढले आणि घरी येऊन जाहीर केलं, "आपल्याले ओटा नाई करायचा. आपल्याले डेक करायचा."

"ओट्यात आन् डेकात काय फरक हाये बाबू?" आईनं विचारलं.

"आई, ओट्यावर बसतात. डेकवर एन्जॉय करतात."

आई माझ्याकडे बघून म्हणाली, "मले फक्त बसाचं हाये वं."

पण तिचं कोण ऐकतं? रोज संध्याकाळी दादा मोबाइलवर नवा डेक दाखवायचा. आज त्याला झोपाळा लागला, उद्या कुंड्या लागल्या, परवा कोपऱ्यात शेकोटीची जागा निघाली. वहिनी म्हणजे दादाची बायको, अंगणवाडीच्या कामानं दिवसभर दमलेली, ती नुसती हूं हूं करायची. एक दिवस मात्र तीही बोलली, "त्या कोपऱ्यात भांडे घासाले नळ घ्या." दादा दोन दिवस तिच्याशी धड बोलला नाही. डेकवर भांडी घासतात का कोणी!

शेवटी ताडोबाकडच्या रिसॉर्टांची लाकडी कामं करणारा एक ठेकेदार त्यानं फोनवर गाठला. रविवारी येऊन जागा बघतो, मापं घेतो आणि एस्टिमेट देतो, असं तो म्हणाला. झालं. शुक्रवारीच काकाजी बॅग घेऊन हजर.

काकाजी म्हणजे बाबांचे धाकटे भाऊ. लाकडाच्या डेपोत बाबू होते, आता रिटायर आहेत. सगळी नोकरी त्यांनी सागवानाच्या लठ्ठ्यांच्या, म्हणजे ओंडक्यांच्या, थप्प्या आणि लिलाव बघण्यात काढली, त्यामुळे जगातली कुठलीही गोष्ट लिलावासारखीच चालते अशी त्यांची खात्री आहे. मुलीचं लग्न त्यांनी लिलावासारखंच जमवलं आणि भाजीवालीशीही ते तसंच बोलतात. चहाचा कप खाली ठेवायच्या आत त्यांनी दादाला पाठ द्यायला सुरुवात केली.

"बाबू, लिलावात खरा खरेदीदार कसा ओळखू येते, सांग."

"बोली लावते तो," दादा म्हणाला.

"हट्! ज्याले जो लठ्ठा पायजे असते ना, तो त्या लठ्ठ्याकडं पाठ करून उभा राह्यते. दुसऱ्याच थप्पीले हात लावते, नखानं खरवडते, थुकते. आपल्या मालाकडं ढुंकून पाहात नाई. पाह्यलं का भाव चढला. ठेकेदाराचं बी तसंच. त्याले गरज दिसली का तू मेला. गरज दाखवाचीच नाई. आमाले नाई पायजे, झालं तर झालं, नाई तर नाई, असं उभं राह्यचं."

दादानं मान डोलावली. शाळेत पोरांना फळ्यावर गणित समजावणारा माणूस, पण काकाजींपुढे हा स्वतःच पहिल्या बाकावर जाऊन बसला. गरज दाखवायची नाही आणि पैसाही दाखवायचा नाही, असे दोन्ही धडे त्यानं त्याच रात्री गिरवले. गरज नाही आणि पैसाही नाही, मग हा माणूस ठेकेदाराला बोलावतो कशाला, हा प्रश्न मी विचारला. तर काकाजी म्हणाले, "तू पाहुनी आहेस, तू चहा पी."

शनिवारी लपवालपवी सुरू झाली. पहिल्यांदा गाडी. ती शेजारच्या भाऊंच्या बकऱ्यांच्या गोठ्यात नेऊन घातली, वरून तनीस, म्हणजे धानाचा पेंढा, टाकली. एसीचा बाहेरचा डबा भिंतीवर दिसत होता, त्याला पोत्याचा झगा शिवला. फ्रीजवर चादर. टीव्ही उतरवून पलंगाखाली, त्यावर गोधडी. वहिनीनं हातातले पाटल्या-गोठ काढून काचेच्या बांगड्या घातल्या आणि हात पुढे करून बराच वेळ बघत बसली. म्हणाली, "लग्नाच्या आधी असाच दिसत होता वं माझा हात." तिला ते आवडलंच असावं.

जुन्या घराचे सागवानी पाटे परसात रचलेले होते. त्यांच्यावरही तनीस. आधी ठेकेदाराकडून लाकडासकट भाव घ्यायचा आणि मग पाट्यांवरची तनीस उचलून लाकडाचे पैसे कापायला लावायचे, असा काकाजींचा डाव. मला म्हणाले, "तू बी साधी साडी नेस." मी म्हटलं, "मी पाहुनी आहे, मी चहा पिते." त्यावर घरात थोडी ओढाताण झाली, पण साडी मी बदलली नाही.

सगळं लपवून झालं आणि काकाजी घरभर फिरून तपासणी करू लागले. फिरता फिरता मागच्या खोलीच्या दारात थांबले. तिथे आई पलंगावर बसून केसांना तेल लावत होती आणि शेजारी वॉकर उभा होता.

"हे राह्यलं," काकाजी म्हणाले.

"काय राह्यलं?" दादानं विचारलं.

"वहिनी." त्यांची वहिनी म्हणजे आमची आई. आवाज हळू करून काकाजी म्हणाले, "वहिनी आन् हा वॉकर ठेकेदाराच्या नजरेस पडला का खेळ खतम. म्हातारी मानूस, मोडलेलं हाड, मागं पायऱ्या. त्याले डोळे हायेत का नाई? तो समजनार, यायले पायजेच हाये, हे कुठं जातात! मंग तो म्हनल तो भाव."

माझं डोकंच फिरलं. "आई काय चोरीचं सागवान आहे का तनसात दाबून ठेवायला? ज्या माणसासाठी करून राह्यलात, त्याच माणसाला लपवता? जीभ कशी वळते तुमची?"

"हळू बोल," दादा म्हणाला. "थोडा टाइमच तर आहे."

"तू बोलूच नको. बनियन बदल आधी!"

आईनं शांतपणे केसांना गाठ मारली. तिला सगळं ऐकू आलं होतं. ऑपरेशन खुब्याचं झालं होतं, कानांचं नाही. "जाऊ दे वं," ती मला म्हणाली. "ओटा झाला पायजे, बस. मी बसतो आत. चूप बसाची सवय झाली आता." मग काकाजींना म्हणाली, "भाऊजी, माह्यावर बी तनीस टाकता का?"

काकाजी हसले. त्यांना वाटलं, वहिनी थट्टा करून राह्यल्या.

रविवारी सकाळी मी आईला आंघोळ घातली. तिनं ट्रंकेतून दिवाळीची निळी साडी काढायला लावली. मी म्हटलं, आत बसायचं आहे तर कशाला? म्हणाली, "असू दे. मानूस येनार हाये घरात." नेसून झाल्यावर तिनं मला खिडकीतून दाखवलं, ऊन सकाळी कुठून निघतं, जांभळीच्या झाडाआडून केव्हा सुटतं आणि मागच्या दारावर कुठपर्यंत येतं. ओटा उजवीकडे घ्यायला पाहिजे, डावीकडे घेतला तर जांभळीची सावली पडेल. हे सगळं ती मला समजावून सांगत होती, कारण त्या माणसाला सांगायला ती बाहेर नसणार होती. मी ऐकत होते आणि माझा जीव तुटत होता. मी तिला म्हटलं, "मी सांगते त्याला. कोणाच्या बापाला भीत नाही."

बाहेर फटफट आवाज झाला. काकाजींनी खोलीचं दार ओढलं. ते दार जुनं, आपोआप उघडतं, म्हणून त्यांनी बाहेरून कडी घातली.

ठेकेदार आला तो जुन्या, खटारा मोटारसायकलवर. चुरगळलेला शर्ट, पायात रबरी चप्पल, गालात तंबाखू-सुपारीचा खर्रा. काकाजींचा चेहरा फुलला. "साधा मानूस दिसते," ते दादाच्या कानात म्हणाले. मी बघितलं तर त्या साध्या माणसाच्या वरच्या खिशातून मोठ्या गाडीची रिमोटवाली चावी डोकावत होती. म्हणजे हाही गाडी कुठेतरी लपवूनच आला होता! गिऱ्हाइकाला आपली गाडी दिसली की गिऱ्हाईक भाव पाडतं, हे त्यालाही कोणी काकाजी शिकवून गेले असणार. पुढे बराच वेळ दोन्ही बाजूंनी आपापली गरिबी सांगितली. दादा म्हणाला, यंदा धान तुडतुड्यानं खाल्लं. ठेकेदार म्हणाला, मजूर परवडत नाहीत. काकाजी म्हणाले, पेन्शनीत काय भागते? ठेकेदारानं अंगठ्यानं डोळा पुसला. मला वाटलं, आता हे एकमेकांना मदत देऊ करतात.

मग सगळे मागच्या दाराशी गेले. आईच्या खोलीचं दार तिथून हाताच्या अंतरावर. ठेकेदारानं मोजायचं यंत्र काढलं, भिंतीवर लाल ठिपका नाचवला आणि विचारलं, "कशासाठी पायजे भाऊ डेक?"

"अस्संच," दादा म्हणाला. "शौक."

"वापरनार कोन?"

"कोनी नाई तसं. पाहुने-गिहुने आले तर."

काकाजी तर चक्क बोडीकडे पाठ करून, घराच्या कौलांकडे बघत उभे होते. लिलावातला धडा ते करून दाखवत होते.

"घरात म्हातारं मानूस हाये का? नाई म्हनजे त्याच्यावर डिझाइन ठरते. म्हातारं असलं तर उंबरठ्याच्या लेव्हलले घ्यावं लागते."

दादानं काकाजींकडे बघितलं. काकाजींनी कौलांकडे.

"नाई," दादा म्हणाला. "गरज नाई तशी."

"मंग एक पायरी खाली घेऊ. पावसाचं पानी आत येत नाई, आन् दिसते बी फर्स्टक्लास. रेलिंग?"

"गरज नाई."

"उतार?"

"गरज नाई."

आईनं मागितलेली एकेक गोष्ट तो ठेकेदार तोंडानं विचारत होता आणि आईच्या पोटचा पोरगा एकेकीला नाही म्हणत होता. मला राहवेना. मी म्हटलं, "भाऊ, उजवीकडं घ्या, डावीकडं जांभळीची सावली येते, आणि बसणाऱ्याला..." तर वहिनीनं माझ्या दंडाला असा चिमटा घेतला की पुढचा शब्द तोंडातच राहिला. दादा घाईनं म्हणाला, "ती पाहुनी आहे."

तेवढ्यात बंद खोलीतून ठक् ठक् असा आवाज आला. वॉकर फरशीवर आपटल्याचा.

ठेकेदारानं मान वळवली. "आत कोन हाये?"

"टीव्ही," वहिनी पटकन म्हणाली. मग तिला आठवलं की आपल्याकडे टीव्ही नाही. "शेजारचा."

"शेजारचा टीव्ही तुमच्या खोलीत?"

"ऐकू येते ना भिंतीतून," काकाजी म्हणाले.

ठेकेदारानं यंत्र खिशात घातलं, खर्रा थुंकून आला आणि हात झटकले. "भाव मी फोनवर सांगतो. पन काम होळीनंतर."

"होळीनंतर?" दादा एक पाऊल पुढे आला. आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीत होळीनंतर उन्हात माणूस बसत नाही, कुत्रंही सावली सोडत नाही. "थोडं लवकर नाई का जमनार?"

"काऊन? शौकाचंच तर हाये. घाई तर नाई म्हनता तुमी." ठेकेदार पायऱ्यांवर टेकला आणि ऐसपैस सांगू लागला. "खरं सांगतो भाऊ. माझी दोन्ही पथकं उद्यापासून चिमूरकडं जाऊन राह्यली. तिकडं एक म्हातारी बाई हाये. खुबा मोडला तिचा. घराबाहेर पडता येत नाई, उन्हात बसता येत नाई. तिचे पोरं आले माझ्याकडं, हात जोडून उभे राह्यले, का आमच्या मायचा हिवाळा वाया चालला, पह्यले आमचं करा. आता अशाचं पह्यले करावं का तुमच्या शौकाचं, तुमीच सांगा. मंग रिसॉर्टचं अर्धं पडलेलं काम हाये, ते करता करता होळी आलीच."

काकाजींनी पहिल्यांदाच कौलांवरून नजर काढली. दादा कात्रीत सापडला. आता गरज आहे म्हणावं तर इतका वेळ केलेलं नाटक उघडं पडतं, आणि नाही म्हणावं तर हिवाळा जातो. त्या बनियनमध्ये तो खरंच गरीब दिसायला लागला होता.

आणि बंद दाराआडून आईचा आवाज आला. स्पष्ट, ठणठणीत, बोडीच्या पाळीवरून बायांना हाक मारायची तसा.

"भाऊ, त्या बाईचंच पह्यले करा. तिचे लेकरं सांगाले तरी आले."

ठेकेदार उठून दारापाशी गेला. बाहेरून घातलेल्या कडीकडे बघितलं, मग आम्हा सगळ्यांकडे बघितलं.

"माय, तुमी आत हा का?"

"मी नाई गा," आई म्हणाली. "मी शेजारचा टीव्ही होय."

मी पुढे झाले आणि कडी काढली. आई दाराकडे तोंड करून पलंगाच्या काठावर बसली होती. निळी साडी, तेल लावून बांधलेले केस, दोन्ही हात वॉकरवर. तिनं दादाकडे बघितलं नाही, काकाजींकडे बघितलं नाही. आमच्या सगळ्यांच्या मधून मागच्या दाराबाहेर बघितलं. ऊन तेव्हा जांभळीआडून सुटून अगदी उंबरठ्यावर आलं होतं.

ठेकेदार वरमला. म्हणाला, "आधी सांगतलं असतं तर कसंही बसवलं असतं. आता तिकडं शब्द देऊन बसलो." आता तो लेव्हलचं, कठड्याचं सगळं नव्यानं लिहून घेऊ लागला, पण होळी काही हलली नाही. दादानं शेवटी हात जोडले. जे हात आधी जोडायचे होते ते तेव्हा जोडून काय उपयोग? जाताना ठेकेदार सुरू न होणारी मोटारसायकल ढकलतच वळणापर्यंत गेला. थोड्या वेळानं मी आमची गाडी आणायला गोठ्याकडे गेले, तर वळणावरच्या पानठेल्यापाशी त्याची पांढरी मोठी गाडी निघत होती आणि मोटारसायकल पानठेलेवाल्याच्या दारात लावलेली होती. आमच्या गाडीच्या टपावर बकरीचं पिल्लू बसलं होतं.

मी दादाला म्हटलं, डेक घाल चुलीत, गावातल्या सुताराला बोलाव. तो स्वतः गेला, बनियन बदलून. पण तोवर सुतार आपलं सामान घेऊन नातेवाइकाच्या घराच्या कामाला सिरोंच्याकडे निघून गेला होता. काकाजी दुपारच्याच एसटीनं परतले. जाताना मला म्हणाले, "तरी भाव आपन वाढू नाई दिला." तोंडात जे आलं होतं ते चुलत्याला बोलता येत नाही.

तो हिवाळा आईनं मागच्या दाराच्या आत काढला. वहिनी पलंग ओढून उंबरठ्याशी आणायची. ऊन आत यायचं ते पायांपुरतं. बोडीवरच्या बाया पाळीवरून ओरडून बोलायच्या, पण वाऱ्यानं अर्धा शब्द इकडे यायचा, अर्धा तिकडे जायचा. नंतर नंतर त्यांनीही ओरडणं सोडलं. मी दर सुट्टीला जायचे आणि दादाशी भांडून यायचे. तो ऐकून घ्यायचा. मला तेही आवडायचं नाही.

थंडी ओसरत आली तेव्हा एके दिवशी, मी सुट्टीला गेले असताना, आईनं दादाला जवळ बोलावलं. "त्या ठेकेदाराले फोन लाव बाबू."

"आई, तो होळीनंतरच येईन म्हनते."

"मले ओट्याचं नाई विचाराचं. लाव तू."

दादानं फोन लावला आणि आवाज मोठा केला. मला त्या चिमूरच्या बाईबद्दल पहिल्यापासून शंका होती. असले ठेकेदार काम पुढे ढकलायला कोणाचीही आई आजारी पाडतात. ती बाई आहे की नाही देव जाणे.

"त्याले विचार," आई म्हणाली, "त्या बाईले ऊन भेटलं का."

दादा माझ्याकडे बघायला लागला. मी मान फिरवली. शेवटी त्यालाच विचारावं लागलं. त्याचा आवाज मास्तराचा राहिला नव्हता.

"बसते ना, रोज बसते," ठेकेदार पलीकडून म्हणाला. "मस्त ऊन खाते म्हातारी."

आईनं पाय उन्हात थोडे पुढे सरकवले.

"बेस झालं," ती म्हणाली. "कोनाच्या तरी मायले भेटलं."